कपाटामागची फट आणि परदेशप्रवास

काटकोनकाका परदेशात गेले ते कपाटामुळे.

माणसं शिकायला परदेशी जातात, पोटासाठी जातात, नातवंडं सांभाळायला जातात. काही जण तर नुसतं परत येऊन सांगता यावं म्हणून जातात. पण निजायच्या खोलीतल्या लाकडी कपाटाला खोटं पाडण्यासाठी देशाची हद्द ओलांडलेला माणूस आमच्या पाहण्यात तरी हा एकच.

कपाट तसं चांगलं होतं, गल्लीतल्या सुताराने केलेलं. जाड, काळसर, छातीएवढं उंच, दोन दारांचं. फक्त ते कोपऱ्यात नीट बसत नसे. डावी बाजू गल्लीकडच्या भिंतीला चिकटवली की पाठीमागे उजव्या टोकाशी सबंध हात आत जाईल एवढी फट पडायची. पाठ चिकटवली की तीच फट डावीकडे निघून जायची, पाहुण्यांना पाहून लपणाऱ्या मांजरासारखी. त्या फटीने इतक्या वर्षांत काय काय गिळलं त्याला सुमार नाही. कंगवे, किल्ल्या, दोन थर्मामीटर, एक मोजा (त्याचा जोडीदार खणात अजून वाट बघत होता) आणि एका लग्नाची आमंत्रणपत्रिका. ही पत्रिका सापडली तेव्हा काका-काकू कपडे करून, भेटवस्तू घेऊन, तारीख न बघता, वेळेवर निघाले. हॉलवर पोचल्यावर तिथे दुसऱ्याच कुणाचं लग्न चाललेलं होतं. पहिल्याला आठवडा होऊन गेला होता.

काकूंचं म्हणणं एका वाक्यात मावायचं. "भिंत वाकडी आहे."

काकांचंही मावायचं. "कपाट वाकडं आहे."

या दोन वाक्यांवर त्यांचा संसार उत्तम चालला होता. इतर घरांत भांडायला रोज नवा विषय शोधावा लागतो, तो त्रास इथे नव्हता. मात्र काकांना हा विषय दिसतो तेवढा हलका नव्हता. काका नगरपालिकेत आरेखक होते, म्हणजे इमारतींचे आणि रस्त्यांचे नकाशे हाताने काढण्याचं काम करत. अख्खं गाव त्यांनी कागदावर आखलेलं होतं. ते राहत होते त्या इमारतीचा नकाशासुद्धा त्यांच्याच हातचा. तो चौकटीत घालून त्यांनी दिवाणखान्यात लावला होता. इतरांच्या घरी जिथे आईवडिलांचा फोटो असतो, बरोबर त्या जागी. त्या नकाशात इमारतीचे चारही कोपरे काटकोनात होते. काकांच्या हातून दुसऱ्या कोनाचा कोपरा कधी निघालाच नव्हता. कचेरीतल्या मंडळींनी त्यांना काटकोन हे नाव ठेवलं ते काही उगीच नाही. इमारतीतल्या पोरांनी त्याला काका जोडलं आणि मूळ नाव पुढे फक्त पेन्शनीच्या कागदावर उरलं.

तेव्हा भिंत वाकडी असेल, तर काय काय वाकडं ठरतं याचा विचार वाचकांनीच करावा.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, की गवंड्याचा गुण्या भिंतीच्या कोपऱ्याला लावला की काम झालं. काटकोन असेल तर बसेल, नसेल तर नाही. काकूही हेच म्हणत. पण काकांच्या कचेरीचा एक दंडक होता: आरेखकाने जागेवर जायचं नाही. जागेवर गेलं की माणसाचा गोंधळ होतो, असं त्यांचे साहेब सांगत. तिथे चिखल असतो, गिलावा जाडपातळ असतो, लोक येऊन आपापली गाऱ्हाणी सांगतात. घराचं खरं रूप वरूनच दिसतं, कारण नकाशा म्हणजे वरून पाहिलेलं घर. काकांनी सबंध नोकरीत गाव असं वरून पाहिलं, आणि ते करताना बूड खुर्चीवरून हलवलं नाही. भिंतीला गुण्या लावणं म्हणजे साक्षीदार सोडून आरोपीलाच विचारण्यासारखं आहे, असं ते काकूंना समजावून देत.

"मग वरूनच बघा की एकदा," काकू म्हणाल्या.

हे त्या भाजी निवडता निवडता सहज म्हणाल्या. त्याच वेळी डोक्यावरून विमान गेलं आणि फळीवरचे कप वाजले.

हे विमान नवीन सुरू झालं होतं. गाव खाडीच्या काठावर, आणि खाडीच्या पलीकडे दुसरा देश. हवा स्वच्छ असली की गच्चीवरून त्या देशातली वाळत घातलेली धुणी दिसत. पलीकडे जायला लाँच होती, ती सगळी दुपार खात असे. आता हे विमान निघालं होतं. लहानसं, पंख्याचं, मोजक्या माणसांचं. उडाल्यापासून उतरेपर्यंत नऊ मिनिटं. आणि ते जायचं नेमकं काकांच्या इमारतीवरून, इतकं खालून की गच्चीवरच्या माणसाने वर पाहिलं तर वैमानिकाने दाढी केली आहे की नाही ते कळावं.

त्या संध्याकाळी करार झाला. वरून घर वाकडं दिसलं, तर काकांनी तसं तोंडाने कबूल करायचं. सरळ दिसलं, तर काकूंनी जन्मात कपाटाचं नाव काढायचं नाही. काकूंनी हे इतक्या चटकन मान्य केलं, की काकांना जरा संशय यायला हवा होता. पण काटकोनात विचार करणाऱ्या माणसाला आडवळणाच्या गोष्टी उशिरा दिसतात.

नऊ मिनिटांच्या प्रवासाला पासपोर्ट लागतो, ही बातमी काकांना नवीन होती. त्यांची अशी समजूत होती, की जो देश आपल्या गच्चीतून दिसतो तिथे जाताना नुसतं सांगून गेलं तरी चालावं. मग फोटो झाले. पहिल्या फोटोत कान दिसत नव्हते, दुसऱ्यात कानच दिसत होते. मग चौकशीला पोलिसदादा आले. त्यांनी आधी इमारतीत विचारपूस केली. काका चोरीमारी करत नाहीत यावर सगळ्यांचं एकमत झालं. स्वभाव कसा आहे या प्रश्नावरही झालं. "वाद घालतात," असं तिन्ही मजल्यांवरून उत्तर आलं.

पोलिसदादा निजायच्या खोलीत का गेले हे काकांना शेवटपर्यंत कळलं नाही. काकूंनी त्यांना पंखा दाखवायला नेलं होतं म्हणे. तिथे उभ्याउभ्या कागद कपाटावर ठेवून लिहिताना त्यांचं पेन घरंगळलं आणि फटीत गेलं. ते काढायला कपाट ओढावं लागलं. पेन निघालं, सोबत एक थर्मामीटर निघाला, आणि पोलिसदादा घाम पुसत म्हणाले, "काका, तुमची भिंत वाकडी आहे."

"कपाट वाकडं आहे," काका म्हणाले.

पोलिसदादांनी पेन झटकलं आणि स्वभावाच्या रकान्यात शेजाऱ्यांचंच उत्तर लिहून टाकलं.

पासपोर्ट हातात येईपर्यंत ही मोहीम काकांची उरली नव्हती, सगळ्या इमारतीची झाली होती. त्यात मुख्य सल्लागार तळमजल्यावरचे परदेशवाले आजोबा. हे मुलाकडे दोनदा सातासमुद्रापार जाऊन आले होते आणि तेव्हापासून जमिनीवर नाइलाजानेच राहत. त्यांनी काकांना समोर बसवून विमानप्रवासाची दीक्षा दिली. पायात रक्त साकळतं, म्हणून घट्ट मोजे घालायचे. दर तासाला उठून चालायचं. मानेला उशी, डोळ्यांना पट्टी, कानात कापूस, तोंडात चिकट गोळी. विमानात थंडी वाजते, म्हणून लोकरीचा स्वेटर. नऊ मिनिटांत हे सगळं करायला सवड कधी मिळणार, असं काकांनी विचारलं. त्यावर आजोबा दुखावल्यासारखे झाले आणि म्हणाले, विमान ते विमान. थोडं उडालं म्हणून त्याचा मान ठेवायचा नाही का?

शिवाय पलीकडच्या देशातलं घड्याळ एक तास मागे होतं. त्यामुळे शरीराचा ताल बिघडतो, झोपेची सवय आधीपासून बदलायला हवी, असं आजोबांनी बजावलं. काका आठवडाभर एक तास उशिरा झोपले आणि एक तास उशिरा उठले. त्या आठवड्यात दूधवाला रोज बेल दाबून दाबून थकला. त्याला काकूंनी सांगितलं, की हे झोपेत आत्ताच पलीकडे पोचलेत.

गच्चीवर खूण हवी, ही कल्पना मात्र काकांची. एवढ्या घरांतून आपलं ओळखायचं कसं? त्यांनी सुचवलं, की मधोमध एक चादर अंथरावी. आजोबा म्हणाले, एक चादर वरून टिकलीएवढी दिसते. लगेच पहिल्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताईंनी आपल्या दोन देऊ केल्या. मग प्रत्येक बिऱ्हाडाला वाटू लागलं, की आपली चादर आंतरराष्ट्रीय विमानातून दिसावी. कुणी नवीन काढली, कुणी इस्त्री केली. काका कागद घेऊन चादरींची मांडणी आखायला बसले, तेव्हा काकूंनी पेन्सिल काढून घेतली.

"तुम्ही वर बघायचं काम करा," त्या म्हणाल्या. "खालचं मी आणि ताई बघतो."

तिकीट काढताना काकांनी डावीकडची खिडकी मागितली. जाताना घर डाव्या हाताला लागणार हे त्यांनी कागदावर काढून दाखवलं. वाऱ्याची दिशा, विमानाचं वळण, खाडीचा काठ, सगळं प्रमाणात. तिकीटवाल्या मुलीने ते चित्र कौतुकाने पाहिलं आणि सांगितलं, की या विमानात जागेचे नंबर नसतात. माणसं वजनावर बसवतात.

हे काकांना चेष्टा वाटली. ती नव्हती. प्रवासाच्या सकाळी विमानतळावर (म्हणजे एक हॉल, एक काटा आणि एक तिखट बोलणाऱ्या बाई) प्रत्येक प्रवासी सामानासकट काट्यावर चढत होता आणि बाई मोठ्याने आकडा वाचत होत्या. काका अंगाने किडकिडीत. पण हातात इमारतीने भरून दिलेली बॅग होती: उशी, पट्टी, मोज्यांचे जास्तीचे जोड, आजोबांची गरम पाण्याची पिशवी, बिस्किटांचे पुडे, आणि शिवणवाल्या ताईंनी पलीकडच्या एका दुकानाला परत करायला दिलेली लोखंडी कात्री. या कात्रीवरून वेगळाच खटला उभा राहिला. तो निम्म्याअधिक प्रवाशांनी आवडीने ऐकला. शेवटी कात्री जप्त झाली आणि काकांचा आकडा मोठ्याने वाचला गेला. एका घरात एवढी वर्षं राहूनही काकूंना जो कळू दिला नव्हता, तो आकडा सगळ्या परदेशी विमानसेवेला कळला.

"उजवीकडे, मागे," बाई म्हणाल्या.

"मला डावीकडे हवंय."

"डावीकडे भरलंय. विमान कलंडेल."

काकांनी आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता. पण आता ते रांगेतल्या प्रत्येकाकडे बघू लागले. डाव्या खिडकीची जागा मिळाली होती एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना. त्यांचा दवाखाना पलीकडच्या देशात होता. त्या रोज सकाळी विमानाने जात आणि रोज झोपत. नऊ मिनिटं का होईना, दिवसभरात तेवढीच शांतता मिळते, असं त्यांचं म्हणणं. काकांनी त्यांना कपाटापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. बाईंनी दात ओढताना ऐकतात तसं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही भिंत बघायला चाललाय," त्या म्हणाल्या.

"कपाट," काका म्हणाले. "म्हणजे तसं बघितलं तर भिंत."

बाई उठल्या, पण काट्यावाल्या बाई मानेनात. हिशेब बिघडत होता. मग दोघांना पुन्हा काट्यावर चढवलं, आणि असं ठरलं की काकांनी बॅग सोडली आणि ती डॉक्टरीणबाईंनी मांडीवर घेतली, तर विमानाला काही कळणार नाही. अशा तऱ्हेने काका हलके होऊन डावीकडे गेले आणि त्यांचं जडपण उजवीकडे एका परक्या बाईंच्या मांडीवर बसलं. बाईंनी बॅग उघडून मानेची उशी काढली, पट्टी डोळ्यांवर ओढली आणि पंखा फिरायच्या आत त्या गाढ झोपल्या. आजोबांची तयारी वाया गेली नाही.

वैमानिक मागे वळून सूचना देऊ लागला. पट्टा कसा लावायचा, पाण्यात पडलो तर काय, धूर झाला तर काय. तो इतकं सविस्तर सांगत होता, की काकांना वाटलं आपण पोचेपर्यंत हा आपल्याला वाचवतच राहणार. कानात कापूस असल्याने निम्मं कळलं नाही. आणि एकाएकी जमीन धावू लागली, धावता धावता तिचा नाद सुटला.

काकांनी खाली पाहिलं.

तिथे त्यांचा नकाशा होता.

मोठा, रंगवलेला, आणि हलणारा. बाजाराचा चौक जिथे त्यांनी आखला होता तिथेच होता. शाळेची लांबट इमारत, तिच्या पाठीमागे त्यांनी हट्टाने सोडायला लावलेलं मैदान, आणि त्यात खरंच मुलं पळत होती. पाण्याच्या टाकीचं वर्तुळ त्यांनी कंपास धरून काढलं होतं, ते तस्संच गोल उभं होतं. एवढी वर्षं ते खुर्चीत बसून या गावावरून उडत होते, आणि आज गाव खाली हजर होतं. त्यांनी जिथे ठेवलं तिथे, नीट, कुणीही न हलवलेलं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या प्रवाशाने खिशातून चिकट गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्याला वाटलं, कान दुखताहेत.

मग विमान वळलं आणि आपली गल्ली आली.

गच्ची ओळखायला कष्ट पडले नाहीत. पांढऱ्या, निळ्या, फुलाफुलांच्या चादरींची एक लांब पट्टी गच्चीच्या कडेने पसरली होती. ताईंनी ती कापड बेततात तशी, दोरी ताणून, काठाला काठ लावून बेतली होती. अख्खी इमारत वर जमून हात हलवत होती. परदेशवाले आजोबा तर दोन्ही हातांनी विमान उतरवल्यासारखं करत होते. काकांनीही हात हलवला आणि खिडकीवर आपटून घेतला.

मग त्यांची नजर चादरींवर नीट बसली.

पट्टीचा आखूड काठ गल्लीकडच्या कठड्याला असा चिकटून होता, की मध्ये सुई जाऊ नये. तिची लांब बाजू पाण्याकडच्या कठड्याला लागून जायला हवी होती. निजायच्या खोलीची भिंत वर जाऊन तोच कठडा होतो. एका टोकाला ती लागलीही होती. पण पट्टी पुढे पुढे जात होती तसा कठडा तिच्यापासून बाजूला सरकत होता. आधी बोटभर, मग वीतभर, मग हातभर, आणि पार शेवटी...

पार शेवटी चादरी आणि कठडा यांच्यामधल्या फटीत एक खुर्ची ठेवलेली होती. खुर्चीवर काकू बसल्या होत्या. हातात चहाचा कप होता. त्या बाकीच्यांसारख्या उड्या मारत नव्हत्या. कप खाली ठेवून, घाई न करता, त्यांनी रुमाल एकदा हलवला.

काकूंनी गच्चीवर चादरींचं कपाट मांडलं होतं.

काकांनी मान फिरवून पाहिलं, तिरपी करून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. शेजारच्या इमारती गल्लीला धरून सरळ उभ्या होत्या. फक्त एकच इमारत कोपऱ्याशी अंग चोरून उभी होती, गर्दीत वाट देणाऱ्या माणसासारखी. मग खाली पाणी आलं, आणि वैमानिक वळून म्हणाला की उतरतोय.

पलीकडच्या देशात काका निघाल्याच्या वेळेआधीच पोचले. घड्याळ तसं म्हणत होतं. अजून निघालोच नाही असं धरावं, असं त्यांना त्या घटकेला फार वाटलं. डॉक्टरीणबाईंनी जाग येताच बॅग परत केली, उशीचं कौतुक केलं आणि विचारलं, "काय निघालं?" काका म्हणाले, बिस्किटं घ्या.

तपासणीच्या खिडकीत एक तरुण अधिकारी बसला होता.

"कशासाठी आलात?"

"घर बघायला."

"घर घेताय इथे?"

"नाही, माझंच घर. तिकडे आहे."

"तिकडे आहे, मग इकडे कशाला आलात?"

"वाटेत दिसतं," काका म्हणाले.

तरुणाने पासपोर्ट मिटला आणि आतल्या साहेबांना बोलावलं. साहेब पोक्त होते, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी काकांना आत खुर्ची दिली, बॅग उघडली, गरम पाण्याची पिशवी उलटीसुलटी केली आणि विचारलं, की किती दिवस राहणार. काका म्हणाले, लाँच सुटेपर्यंत. साहेबांना यात नक्की कुठला गुन्हा आहे ते ठरवता येईना. मग काकांनी त्यांनाही सगळं सांगितलं. नकाशा, फट, करार, चादरी.

साहेब पुढे झुकले. "मग दिसलं घर?"

"दिसलं."

"कसं आहे?"

काकांनी आपले घट्ट मोजे वर ओढले.

"ते आत्ता सांगता येणार नाही," ते म्हणाले. "आधी घरी सांगावं लागेल."

तरुण अधिकारी संशयाने सरसावला. पण साहेब संसारी माणूस होते. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, काकांकडे एकदा नीट पाहिलं, आणि शिक्का उचलून असा हलकेच मारला, जसा आजाऱ्याच्या पाठीवर हात ठेवावा.

परतीची लाँच संथ होती. काका टपावर बसून बिस्किटं खात होते आणि गाव समोरून हळूहळू मोठं होत होतं. पाण्यावरून पाहिलं तर इमारत अगदी सरळ दिसत होती. अजून पळवाट होती. चादरी वाऱ्याने सरकल्या म्हणता आलं असतं. काच मळकी होती म्हणता आलं असतं. विमान कललं होतं, हे तर खरंच होतं. काकांनी एकेक सबब हातात घेऊन पाहिली आणि बिस्किटाच्या चुऱ्यासारखी पाण्यात टाकून दिली. कारण प्रत्येक सबबीच्या टोकाला ती खुर्ची येत होती, आणि तिच्यावर बसून चहा पिणारी बायको. जिंकलेला माणूस नाचतो, ओरडतो. ही नुसती चहा पीत होती. बाकी कुणाला काही कळलंही नसेल. सगळ्यांना ती खूणच वाटली असणार. वरून पाहणाऱ्या एकाच माणसाला दिसेल, असं तिने ते मांडलं होतं.

दारात अख्खी इमारत उभी. चादरी दिसल्या का? दिसल्या. सगळ्यांच्या? सगळ्यांच्या, फुलाफुलांची सगळ्यांत ठळक. ताईंनी विचारलं, रांग सरळ होती ना? काका म्हणाले, तुमची रांग अगदी सरळ होती, त्यात शंका नाही. कात्रीचं त्यांनी उद्यावर टाकलं. आजोबांनी पायाचं रक्त तपासलं आणि समाधान व्यक्त केलं.

काकू स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी चहा टाकला. काकांनी दिवाणखान्यातल्या चौकटीकडे पाहिलं. चार कोपरे, चार काटकोन. मग ते निजायच्या खोलीत गेले, कपाटासमोर उभे राहिले, आणि फटीत हात घालून पाहिला. आतून एक कंगवा निघाला. तो पुसून त्यांनी खणात ठेवला आणि परत येऊन खुर्चीवर बसले. चहा समोर आला. अर्धा कप संपला.

"कपाट सरळ आहे," काका म्हणाले.

काकू आपल्या कपावर फुंकर मारत राहिल्या. हसल्या नाहीत. हा त्यांचा मोठेपणा काकांनी मनातल्या मनात नोंदवून ठेवला.

"मग तेवढं सुताराला सांगून या," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याला कपाटावरून काय बोलला होता, आठवतंय ना? बिचारा अजून आपलं दार आलं की रस्ता ओलांडून पलीकडून जातो."

काका उठले, चपला घातल्या. स्वेटर अजून अंगातच होता. दाराशी जाऊन ते थांबले. पाठमोरेच, कडीवर हात ठेवून.

"पण नकाशा बरोबर होता," ते म्हणाले.

"नकाशा बरोबरच आहे हो," काकू म्हणाल्या. "घर चुकलंय."

काकांना ते पटलं. ते जिना उतरले, ताठ मानेने, कठड्याला हात न लावता, आणि गल्ली ओलांडून सुताराच्या दुकानाकडे सरळ रेषेत चालत गेले.